नामकरणाचे नीतिशास्त्र : एका अश्मीभूत काष्ठाच्या निमित्ताने

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन प्रयोगांत केवळ वचनाचा भेद आहे. पण पहिल्याने बारसे होते आणि दुसऱ्याने निंदा. समीक्षकाला या दोन्ही क्रिया परिचित असतात, आणि पुष्कळदा त्यांच्यातील अंतर त्याच्या लक्षात राहत नाही. एखाद्या कृतीला, लेखकाला अथवा प्रवाहाला नाव देणे हे आपण एक सोयीचे काम मानतो. वस्तू आधीच तेथे असते आणि आपण तिच्यावर फक्त चिठ्ठी डकवतो, अशी आपली समजूत असते. नाव देताना आपण काही दावा करतो, त्या दाव्याला पुरावा लागतो आणि तो फसल्यास त्याची जबाबदारी कोणाची तरी असते, हा विचार साहित्यचर्चेत क्वचितच होतो. म्हणून जेथे हा विचार नियमांच्या पातळीपर्यंत नेला गेला आहे अशा एका दूरच्या क्षेत्राकडे पाहावे, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ते क्षेत्र म्हणजे पुरावनस्पतिशास्त्र, आणि त्यातही अश्मीभूत काष्ठाची नवी जाती वर्णून तिला नाव देण्याची रीत.

प्रश्न असा आहे : जे कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाले, ज्याला हाक मारली तरी ओ मिळणार नाही, त्याला नाव देताना नैतिक असे काही पणाला लागते काय? जिवंत माणसाला चुकीचे नाव दिले तर तो दुखावतो, रागावतो, नाव नाकारतो. दगड झालेल्या झाडाला यांपैकी काहीच करता येत नाही. मग तेथे अचूकपणाचा आग्रह केवळ व्यवहारापुरता उरतो, की त्यात आणखी काही असते?

एक

प्रथम ही वस्तू कशी आहे ते समजून घेतले पाहिजे. एखादा बुंधा गाळाखाली किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली लवकर गाडला जातो. हवा न मिळाल्यामुळे त्याचे कुजणे मंदावते. भूजलात विरघळलेली सिलिका त्याच्या पेशींच्या पोकळ्यांत आणि भित्तींत झिरपून साठत जाते. पुढे बाहेरून पाहावे तर तो एक गोटा असतो, आत मात्र पेशींची रचना जवळजवळ जशीच्या तशी राहिलेली असते. ती पाहावयाची तर दगड कापावा लागतो. हिऱ्याच्या धारेच्या चकतीने पातळ काप काढून तो काचपट्टीवर चिकटवतात आणि प्रकाश आरपार जाईपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांशांइतका पातळ होईपर्यंत, घासतात. असे काप तीन दिशांनी घ्यावे लागतात : एक आडवा, दुसरा त्रिज्येच्या दिशेने उभा, तिसरा स्पर्शरेषेच्या दिशेने उभा. काष्ठातील जे किरण आडव्या छेदात नुसत्या रेषा वाटतात, तेच दुसऱ्या छेदात भिंतीसारखे दिसतात आणि तिसऱ्यात चातीसारखे. एका छेदावरून मत बनवणाऱ्याला लाकूड कळलेलेच नसते.

यानंतर तुलना सुरू होते. वाहिन्या आहेत काय, त्या एकेकट्या आहेत की समूहाने, भित्तींवरील खाचा गोल आहेत की शिडीच्या पायऱ्यांसारख्या, किरण किती पेशी रुंद आहेत, अशी प्रश्नमाला पुढे ठेवावी लागते. आवृतबीज वृक्षांच्या काष्ठासाठी काष्ठशरीर-शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८९ मध्ये जी लक्षणसूची प्रसिद्ध केली तीत १६३ लक्षणे आहेत. ज्ञात जिवंत आणि अश्मीभूत काष्ठांशी ताडून पाहिल्यावरही नमुना कोठेच बसत नसेल, तरच नव्या जातीचा विचार करता येतो. मग वर्णन, चित्र, जुन्या जातींपासूनचा भेद सांगणारे निदान, नाव, आणि ज्या एका नमुन्यावर हे नाव आधारले आहे तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे याचा निर्देश, एवढे सगळे रीतसर प्रसिद्ध झाले म्हणजे नामकरण पुरे होते.

या सर्व प्रक्रियेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. जाणून घेण्यासाठी वस्तूचा काही भाग खर्ची पडतो. चकतीच्या धारेखाली जेवढे गेले आणि घासताना ज्याची भुकटी झाली, तेवढे कायमचे गेले. म्हणूनच वनस्पतींची नामकरण-संहिता अशी शिफारस करते की, प्ररूप-नमुना कापला असल्यास निदानासाठी वापरलेल्या त्याच्या सगळ्या तुकड्यांवर स्पष्ट खुणा कराव्यात. ही वरवर कारकुनी वाटणारी सूचना आहे. पण तिचा आशय नैतिक आहे : तुम्ही जे मोडले ते कोठे कोठे गेले याचा हिशेब तुम्ही दिला पाहिजे.

दोन

आता या नावाचे स्वरूप कसे आहे ते पाहू. शब्द कशाचा वाचक, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. शब्दाने आकृती म्हणजे सामान्य रूप सांगितले जाते, हे वाजप्यायनाचे मत. शब्दाने द्रव्य म्हणजे प्रत्यक्ष व्यक्ती सांगितली जाते, हे व्याडीचे मत. पतंजलीच्या महाभाष्यात या दोन्ही पक्षांची चर्चा आहे. त्याच परंपरेत शब्दांचे जे चार वर्ग केले जातात, त्यांत जातिवाचक, गुणवाचक आणि क्रियावाचक शब्दांखेरीज यदृच्छाशब्द हा चौथा वर्ग येतो. 'डित्थ' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. डित्थ नावाच्या माणसात डित्थपणा असे काही नसते; कोणीतरी त्याला तसे म्हटले म्हणून तो डित्थ. पाश्चात्त्य विचारात १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने विशेषनामाला गुणार्थ नसतो असे म्हटले. आणि सॉल क्रिपकेने १९७० च्या व्याख्यानांत असे मांडले की, नाव वर्णनामुळे वस्तूला चिकटत नाही, ते एका आरंभीच्या बारशाने चिकटते आणि माणसांच्या साखळीतून पुढे पोहोचते.

वनस्पतीच्या जातीचे नाव या वर्गीकरणात कोठे बसते? रूपाने ते वर्णनात्मक असते. ग्रीक वा लॅटिन धातूंतून काही गुण, काही स्थळ, काही व्यक्ती सुचवली जाते. परंतु संहिता स्पष्ट सांगते की, केवळ अन्वर्थक नाही, अप्रिय आहे, अथवा मूळ अर्थ हरवला आहे एवढ्या कारणाने वैध नाव टाकून देता येणार नाही. नाव ज्याला बांधलेले असते तो प्ररूप-नमुना. आणि हा नमुना त्या जातीचा सर्वांत प्रातिनिधिक नमुना असलाच पाहिजे असे नाही. उद्या त्याच जातीचे शंभर सुंदर बुंधे सापडले, तरी नाव त्या पहिल्या, कदाचित किडलेल्या, तुकड्याशीच बांधलेले राहते. म्हणजे नाव जातीचे असते, पण ते उभे राहते एका व्यक्तीच्या आधारावर. वाजप्यायन आणि व्याडी यांचा वाद येथे मिटला नसला तरी दोघांनाही एका दोरीने बांधले आहे. अर्थ बदलू शकतो, मत बदलू शकते, पण ज्या वस्तूकडे परत जावयाचे ती मात्र बदलत नाही.

तीन

या नियमांची खरी कसोटी एका भारतीय उदाहरणात दिसते. आज झारखंडात असलेल्या राजमहाल टेकड्यांतील जीवाश्म १८६३ मध्ये ओल्डहॅम आणि मॉरिस यांनी विस्ताराने वर्णिले होते. त्याच टेकड्यांतील एका अश्मीभूत काष्ठाचे वर्णन लखनौ विद्यापीठातील बीरबल साहनी यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला 'होमोक्सिलॉन राजमहालेन्से' असे नाव दिले. 'होमोक्सिलॉन' म्हणजे एकसारखे, एकविध काष्ठ. या लाकडात वाहिन्या नव्हत्या. वाहिकांच्या भित्तींवर शिडीसारख्या खाचा होत्या. आवृतबीज, म्हणजे फुले येणाऱ्या वृक्षांच्या लाकडात सामान्यतः वाहिन्या असतात. परंतु ड्रिमिस, ट्रोकोडेंड्रॉन, टेट्रासेंट्रॉन अशा मोजक्या जिवंत वृक्षांत त्या नसतात. साहनींना साम्य दिसले ते या वृक्षांशी. म्हणून त्यांनी हे वाहिन्याविरहित आवृतबीज काष्ठ आहे असे प्रतिपादन केले.

या निष्कर्षाचे वजन लक्षात घेतले पाहिजे. फुलझाडे पृथ्वीवर एकाएकी कशी अवतरली, या गूढाने डार्विनला त्रस्त केले होते; १८७९ मध्ये हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली ही अस्वस्थता तीव्र शब्दांत व्यक्त केली होती. राजमहालचे थर साहनींच्या काळी ज्युरासिक मानले जात. इतक्या जुन्या थरात फुलझाडाचे आदिम लाकूड मिळणे म्हणजे त्या गूढाचा एक धागा हाती येणे होते. पुढे काय झाले? १९५२ मध्ये, साहनींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, श्यू जेन आणि बोस यांनी या काष्ठाविषयी अधिक माहिती प्रसिद्ध केली, आणि मत फुलझाडांकडून प्रकटबीज वनस्पतींकडे, विशेषतः बेनेटायटेलीझ या लुप्त गणाकडे झुकले. १९५४ मध्ये बोस आणि साह यांनी प्रजातीला नवे नाव दिले : 'साहनिऑक्सिलॉन'. ज्या थरांना ज्युरासिक मानले जात होते, त्या राजमहालच्या लाव्हाप्रवाहांचे वय आज सुमारे साडेअकरा कोटी वर्षे, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या पूर्वार्धातील, मानले जाते.

वनस्पतीचे कुळ बदलले, तिचा काळ बदलला, प्रजातीचे नाव बदलले. टिकले काय? 'राजमहालेन्से' हे स्थळवाचक पद टिकले, कारण ते झाडाविषयी कोणतेही मत सांगत नव्हते. ते कोठे मिळाले एवढेच सांगत होते. आणि टिकला तो दगड. साहनींनी पाहिलेला वाहिन्यांचा अभाव खरा होता, शिडीसारख्या खाचाही खऱ्या होत्या. त्यांनी त्यावरून काढलेला अर्थ पुढे टिकला नाही. वर्णन आणि अर्थनिर्णय यांना त्यांनी अलग ठेवले होते म्हणूनच पुढच्या पिढीला अर्थ नाकारूनही वर्णनाचा उपयोग करता आला. शास्त्रीय लेखनात हे नाव आज 'साहनिऑक्सिलॉन राजमहालेन्से' असे लिहून त्यापुढे कंसात साहनी आणि कंसाबाहेर बोस व साह असे लिहितात. या कंसाचे मला विशेष वाटते. ज्याचे मत दुरुस्त केले त्याचे नाव पुसलेले नाही, आणि त्याचे मत कायम असल्याचा देखावाही केलेला नाही. शिष्यपरंपरेने गुरूचे मत सोडले आणि गुरूचे नाव त्याच वस्तूला दिले. आदर आणि असहमती यांचा असा एकत्र निर्वाह आपल्या वाङ्मयीन व्यवहारात फारसा आढळत नाही. आपण एकतर मत जपतो, नाहीतर माणूस टाकतो.

चार

राजमहालचेच दुसरे उदाहरण आणखी एक बाजू दाखवते. दुमका जिल्ह्यातील निपानिया या गावाजवळच्या अश्मांत एका लुप्त वनस्पतीचे अवयव सुटे सुटे मिळाले. पाच काष्ठस्तंभ असलेल्या खोडाला 'पेंटॉक्सिलॉन साहनी' म्हटले गेले, पानाला 'निपानिओफायलम', बीजधारी शंकूला 'कार्नोकोनायटीस' आणि नरपुष्पसदृश अवयवाला 'साहनिया निपानिएन्सिस'. साहनींनी १९४८ मध्ये यांतून 'पेंटॉक्सिली' या नव्या गणाची मांडणी केली. एका झाडाला चार नावे, हे सामान्य वाचकाला विचित्र वाटेल. परंतु यातील विवेक सूक्ष्म आहे. खोड आणि पान एकमेकांना जोडलेले दिसेपर्यंत ते एकाच झाडाचे आहेत असे म्हणण्याचा अधिकार शास्त्र स्वतःला देत नाही. तुकडा हाती आहे तर तुकड्यालाच नाव द्यावे. संपूर्ण वृक्ष ठाऊक असल्याचा आव आणू नये.

'ऑक्सिलॉन' हा नावाच्या शेवटी जोडला जाणारा अंशही याच विवेकाचा आहे. 'पामॉक्सिलॉन' म्हणजे ताडवर्गातील वृक्षांसारखे काष्ठ. तो नारळ की सिंदी की आज न उरलेले तिसरेच काही, याविषयी नाव मौन बाळगते. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये दबलेल्या थरांत मिळालेल्या, नारळाशी साम्य असलेल्या एका खोडाला साहनींनी १९४६ मध्ये 'पामॉक्सिलॉन सुंदरम्' म्हटले. आणि त्याच थरांतील, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलाँ येथील एका फळाच्या प्रजातीला 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे कोड्याचे फळ, असे नाव दिले. नावातच आपले अज्ञान नोंदवून ठेवण्याचे हे धैर्य कौतुकास्पद आहे. लाकूड पाहणाऱ्याला सौंदर्याचा उद्गार काढण्याची मुभा आहे, आणि कोडे न सुटल्याचे सांगण्याचीही मुभा आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सांगण्याची मुभा मात्र नाही.

या विवेकाचा विपर्यासही होतो, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक तुकडा नवी जाती ठरवण्याचा मोह मोठा असतो, कारण नव्या नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव कायम लागते. एकाच वृक्षाच्या मुळाचे, फांदीचे आणि बुंध्याचे काष्ठ सारखे नसते. वय, हवामान, पाणी यांनीही त्यात फरक पडतो. या फरकांना जातिभेद मानले की शोधनिबंध वाढतात आणि ज्ञान विस्कळीत होते. म्हणजे नम्रता म्हणून सुरू झालेली रीत स्वार्थाचे साधन होऊ शकते. दोहोंत फरक कसा करावयाचा? माझ्या मते कसोटी एकच : नाव देणाऱ्याने आपले म्हणणे खोडून काढण्याची साधने दुसऱ्याच्या हाती दिली आहेत काय? नमुना पाहता येतो काय, काप उपलब्ध आहेत काय, कोणते लक्षण निर्णायक मानले हे सांगितले आहे काय? जो एवढे देतो त्याचे नाव चुकले तरी त्याचा व्यवहार प्रामाणिक असतो.

पाच

एक आक्षेप येथे उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. हे सगळे नियम नाव देणाऱ्यांनी आपसांत केलेले आहेत. ज्या टेकड्यांतून दगड उचलला तेथे पहाडिया आणि संथाळ लोक राहतात. त्यांच्या भाषांत त्या डोंगरांना, झाडांना, दगडांना नावे आहेत. १८५५ च्या संथाळ उठावाची ही भूमी. जगाच्या ग्रंथालयांत मात्र ती लॅटिन प्रत्यय लावून पोहोचते. हा अन्याय नव्हे काय?

याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते. लुप्त झाडाला कोणत्याही मानवी भाषेत नाव नव्हते, तेव्हा येथे कोणाचे नाव हिरावले गेले असे म्हणता येत नाही. उलट 'राजमहालेन्से' आणि 'निपानिएन्सिस' या पदांनी एका लहान गावाची आणि डोंगररांगेची आठवण शास्त्राच्या भाषेत कायम केली. पण नावे निरागस नसतात, हेही खरे. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांना अपमानकारक असलेल्या एका शब्दावरून 'काफ्रा' हे पद दोनशेहून अधिक वनस्पतींच्या व इतर सजीवांच्या नावांत रूढ झाले होते. २०२४ मध्ये माद्रिद येथे वनस्पतिशास्त्रज्ञांनी मतदानाने ते 'आफ्रा' असे बदलण्याचा निर्णय घेतला. स्थैर्य हे नामकरणाचे मोठे मूल्य आहे. अप्रिय म्हणून नाव टाकू नये, हा नियम त्याच मूल्यासाठी आहे. तरीही ज्या नावाचा उच्चार करताना माणसाचा अपमान होतो तेथे स्थैर्याला थोडे मागे सरावे लागले, आणि ते योग्यच झाले. झाडाला अपमान कळत नाही. नाव उच्चारणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांना कळतो. मराठी परिभाषेत आपण या वर्गाला 'जाती' म्हणतो; त्या शब्दाने आपल्या समाजात काय काय वाहिले आहे हे आपल्याला तरी वेगळे सांगावयास नको.

नावाहून वस्तूला अधिक मोठा धोका आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. राजमहालच्या टेकड्या खडीसाठी फोडल्या जातात. साहिबगंज जिल्ह्यातील मंड्रो येथे २०२२ मध्ये जीवाश्म-उद्यान खुले झाले ही समाधानाची बाब आहे. पण कुंपणाबाहेरचे दगड रस्त्याखाली जातात. वर्णन न होता जे फुटले त्याविषयी चूक करण्याचीही संधी कोणाला उरत नाही.

सहा

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? आपणही तुकड्यांवरच काम करतो. एका दशकातील काही पुस्तके हाती येतात आणि आपण त्यांना प्रवाहाचे नाव देतो. त्या नावाला प्ररूप नसते, निदान नसते, आणि ते प्रथम कोणी कशाच्या आधारावर दिले हे काही वर्षांतच कोणाला सांगता येत नाही. मग नावावर वाद होतो आणि कृतीकडे कोणी परत जात नाही. एका छेदावरून लाकूड ओळखणाऱ्याला जसे कोणी तज्ज्ञ म्हणत नाही, तसे केवळ आशयाचा एकच काप घेऊन पुस्तकाची जाती ठरवणाऱ्यालाही म्हणू नये. भाषा, रचना आणि अनुभव असे निदान तीन छेद त्यालाही घ्यावे लागतील.

एक भेद मात्र निर्णायक आहे. साहित्यातील वस्तू जिवंत असते आणि ती स्वतःचे नाव स्वतः घेऊ शकते. दलित साहित्याने आपले नाव असे स्वतः घेतले. १९५८ मध्ये मुंबईत त्या नावाने संमेलन भरले, आणि त्या नावाचे नैतिक बळ वर्णनाच्या अचूकतेतून आलेले नाही, स्वतः उच्चारल्यातून आले आहे. अश्मीभूत काष्ठाला हे शक्य नाही. पण जे प्रतिवाद करू शकत नाही त्याच्याविषयी आपण अधिक मोकळे नसतो. अधिक बांधलेले असतो. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. दगड रागावणार नाही, म्हणून त्याच्या वतीने हरकत घेण्याची सोय नाव देणाऱ्यालाच करून ठेवावी लागते. प्ररूप-नमुना, खुणा केलेले काप, चित्र, निदान ही ती सोय होय.

या अर्थाने नाव हे एक वचन आहे. 'हे असे आहे' एवढेच ते म्हणत नाही. 'मी हे येथे पाहिले, ते येथे ठेवले आहे, तुम्ही येऊन पाहा' असे ते म्हणते. हे वचन पाळले गेले तर साहनींसारख्या श्रेष्ठ अभ्यासकाचे मत मागे पडूनही त्यांचे काम उभे राहते. ते पाळले गेले नाही तर बरोबर ठरलेले नावही केवळ योगायोग असतो.